मार्गासनीची एकसष्ट नावं

१

२००३ सालचा दसरा रविवारी आला. सोमवारी सकाळी जोडखोरे दूध संघाच्या भोरच्या कचेरीत माणसं उरलीसुरली आपट्याची पानं वाटत एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि अकराच्या सुमारास त्यांनीच एकमेकांचे गळे धरले.

झालं होतं असं. संघाची निवडणूक तोंडावर आली होती. मतदारयादीत नवी नावं घालायची मुदत शनिवारी, खंडेनवमीला, संध्याकाळी पाचला संपली. सोमवारी केशव कारकुनानं यादी छापून काढली. भोंगवलीची नावं होती, आंबवड्याची होती, मार्गासनीची जुनी नावंही जागच्या जागी होती. पण शुक्रवारी मार्गासनी केंद्रावर नव्यानं नोंदवलेले एकसष्ट सभासद यादीत नव्हते. एकसष्टांतला एकही नाही.

मार्गासनीचे पुढारी मानसिंगराव जीपमधून उतरले तेच हातातला कागदांचा गठ्ठा नाचवत. "ही बगा नावं! शुक्रवारी तुमच्याच कॉम्प्युटरनं छापून दिल्याती. वर तारीख हाय, टाइम हाय, चार वाजून धा मिन्टं. आता म्हनं नावंच न्हाईत! मग ही काय आमी रांगोळीनं काडली?"

एकसष्टही माणसं मानसिंगरावांच्या बाजूची होती, तेव्हा ती कुणी गिळली याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. समोर खुर्चीत चेअरमन आनंदराव बसले होते आणि त्या खुर्चीत ते गेली अकरा वर्षं बसत होते.

आनंदरावांनी अद्वयला हाक मारली. अद्वय भोरच्याच वकिलांचा मुलगा. पुण्याला कॉम्प्युटर शिकून आला आणि संघाचा सगळा कारभार त्यानं वह्यांतून उचलून कॉम्प्युटरवर ठेवला. मागच्या खोलीत एक मोठा कॉम्प्युटर होता, त्याला सर्व्हर म्हणत. सगळ्या नोंदी त्याच्या पोटात. केंद्रांवरचे छोटे कॉम्प्युटर टेलिफोनच्या कायमच्या तारेनं त्याला जोडलेले. कोण कधी जोडलं गेलं आणि कधी सुटलं, हे तो सर्व्हर आपल्या वहीत टिपून ठेवी.

अद्वय ती वही पाहून आला. "त्या दिवशी मार्गासनीहून एकच नाव आहे. गुलफशा. शुक्रवारी सकाळी अकराला जोडली गेली आणि शनिवारी सकाळी नऊ चाळीसला जोडणी बंद झाली."

"म्हणजे रात्रभर?" आनंदरावांनी विचारलं.

"रात्रभर."

गुलफशा मार्गासनी केंद्रावरची ऑपरेटर. ती रोज साडेपाचच्या एसटीनं भोरला घरी येते, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. मग रात्रभर तिच्या नावानं तिथं कोण बसलं होतं?

२

मानसिंगराव म्हणाले, चेअरमननी पोरीला फितवली. आनंदराव म्हणाले, पोरीनं परस्पर कुणाला तरी पासवर्ड दिला, त्यात संघाचा काय संबंध? गुरुवारच्या सभेत तिला कामावरून काढू आणि पोलिसांत फिर्याद देऊ. एरवी ही दोन माणसं आज वार कोणता यावरही एक होत नसत. पण एका मुलीला बुडवण्यात दोघांचीही सोय होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असं.

फक्त सभेआधी चौकशी झाली असं दिसायला हवं होतं. म्हणून शुभाताईंना बोलावणं गेलं.

शुभाताई एकतीस वर्षं भोरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. ट्रंक कॉलच्या काळात निम्म्या भोरची गुपितं त्यांच्या कानांवरून गेली आणि ओठांवर एकही आलं नाही, म्हणून त्या दोन्ही पक्षांना चालल्या.

"मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर तुम्ही," आनंदराव म्हणाले. न वाचता सही करणारी बाई त्यांना हवी होती. माणूस ओळखण्यात ते एरवी असे चुकत नसत.

शुभाताई आधी गुलफशाच्या घरी गेल्या. मुलगी बावीस वर्षांची, डोळे रडून सुजलेले, पण बोलणं नीट. तिचे वडील लियाकतभाई टेम्पो चालवत. आज ते कामावर गेले नव्हते.

"पासवर्ड कुणाला दिलास?"

"कुणालाच न्हाई, ताई. घरात आईलासुद्धा ठाऊक न्हाई."

"मग रात्रभर तुझ्या नावानं कोण होतं?"

"कुणीच नव्हतं. मी मशीन चालू ठेवून आले होते. कोंडिबातात्यांनी सांगितलं होतं, बंद करायचं न्हाई म्हणून. तिथली रीतच आहे तशी, तात्यांना विचारा तुम्ही."

लियाकतभाई दाराशी उभे होते. "ताई, आमच्या गल्लीत कॉम्प्युटरवर बसलेली ही पैली पोरगी. मी टेम्पोत बसलेल्या दर माणसाला सांगत आलोय. आता गुरुवारी तिला चोर म्हणून काढली, तर कुठली कचेरी तिला दारात उभी करील? आणि मी तरी कुठल्या तोंडानं पाठवू? मग घरीच बसंल ती." ते बाहेर निघून गेले.

शुभाताईंनी उठता उठता एकच विचारलं. "शनिवारी सकाळी केंद्रावर काही वेगळं दिसलं का तुला?"

गुलफशानं खाली पाहिलं. "न्हाई."

हे 'न्हाई' एक श्वास उशिरा आलं. एकतीस वर्षं न दिसणाऱ्या माणसांचे आवाज ऐकलेल्या बाईला तेवढा श्वास पुरला. मुलगी चोर नव्हती, पण ती काहीतरी लपवत होती.

३

सर्व्हरच्या खोलीत पंखा घरघरत होता आणि अद्वय पडद्यापुढे बसला होता. केशव कारकून शुभाताईंच्या मागोमाग आत आला आणि न विचारता बोलू लागला. केशव आनंदरावांचा माणूस, त्यामुळे गावानं त्याला आधीच अर्धा गुन्हेगार ठरवला होता.

"मी नावं काढली नाहीत हो! मला ती कधी दिसलीच नाहीत. शनिवारी नऊला बसलो, मार्गासनीच्या एका जुन्या सभासदाचा पत्ता बदलायचा होता, तर पडदा जो अडकला तो अडकलाच. बाकीच्यांना तर आत शिरायलाही मिळेना. जागा नाही, जागा नाही. शेवटी ह्याच्या नावानं बोंब मारली, तेव्हा दहाच्या आत सगळं सुरळीत झालं."

"जागा नाही म्हणजे?" शुभाताईंनी अद्वयला विचारलं.

"सर्व्हरला एका वेळी दहाच जोडण्या चालतात," अद्वय म्हणाला. "आणि आपल्याकडे वीज ही अशी. वीज गेली की टोकाचा कॉम्प्युटर बंद पडतो, पण सर्व्हरला ते कळतच नाही. त्याच्या हिशेबी तो माणूस अजून बसलेलाच असतो. तो जागा धरून ठेवतो."

"माणूस रिसीव्हर न ठेवताच उठून गेला आणि लाईन अडकली."

"अगदी तसंच! मग तुम्ही काय करायचात?"

"बोर्डातली कॉर्ड ओढून लाईन तोडायचो."

"मीही तेच करतो. बारा तासांवर जी जोडणी गप्प आहे ती अनाथ, असं धरायचं आणि तोडायची. रोज सकाळी कचरा काढतो म्हणा ना."

शुभाताई पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "त्या रात्री गुलफशाच्या नावानं काय काय केलं गेलं, ते दिसतं का?"

अद्वयनं पडद्यावर बोट फिरवलं. "शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी छपाई. त्यानंतर काही नाही."

"नाव खोडल्याची नोंद?"

"नाही. एक अक्षरही नाही." त्याच्या हे आत्ता लक्षात आलं असावं. "साडेसतरा तास नुसती गप्प आहे."

साडेसतरा तास हात बांधून गप्प बसला आणि एकसष्ट नावं घेऊन गेला, असा चोर शुभाताईंनी ऐकला नव्हता.

४

मंगळवारी त्या नसरापूरला गाडी बदलून मार्गासनीला उतरल्या. केंद्र म्हणजे दूध गार ठेवायची मोठी टाकी, बाहेर जनरेटर, आणि कडेला कॉम्प्युटरची खोली. जनरेटर दुधासाठी होता, पण त्याच्या पुण्याईनं खोलीतलं मशीनही कधी बंद पडत नसे.

कोंडिबातात्या केंद्राचे पहिले सचिव. वय ऐंशीच्या घरात, नजर अजून सुईत दोरा ओवण्याजोगी. रीत विचारताच ते खुलले.

"आमच्या वेळंला वहीत नाव पैलं पेन्सिलीनं लिवायचं. रातभर वही उगडी ठिवायची. दुसऱ्या दिशी समद्यांम्होरं मोठ्यानं वाचायचं. कुनाची हरकत न्हाई म्हनल्यावर मग शाई. ती शाई म्या माज्या हातानं भरायचो. हा कॉम्प्युटर आला तवा म्या त्या अद्वयला इचारलं, बाबा, ह्यात पेन्सिल कुठली आन् शाई कुठली? तर म्हनला, 'तात्या, हे कायमचं बटन दाबंस्तवर समदी पेन्सिलच.' म्हनलं, मग झ्याक हाय."

"म्हणजे शुक्रवारी गुलफशानं नावं घातली..."

"पेन्सिलीनं. कागद छापला, वाचाया. मशीन तसंच उगडं ठिवलं. शनवारी खंडेनवमी, मुहूर्त धा वाजून बारा मिन्टांचा. फुलाबाईनं पूजा मांडली, म्या एकसष्ट नावं वाचली, कुनी हूं का चूं केलं न्हाई, आन् म्या ह्या बोटानं बटन दाबलं. नारळ फोडला. वाचायचा कागद मानसिंगनं मागितला, त्याला दिला. मशीन लगोलग बंद करायला लावलं. पूजलेल्या हत्याराला त्या दिशी हात लावायचा नसतोय. दुसऱ्या दिशी दसरा. कोन कशाला बगतंय?"

फुलाबाई केंद्राची झाडलोट करी. खोलीची किल्ली तिच्याकडे असे.

"शनिवारी खोली किती वाजता उघडलीत?"

"नवाला. सारवलं, पुसलं, टाकीला हार घातला, जनरेटरला घातला, मशीनीला घातला. मशीनीचा सगळ्यात मोठा केला म्या, पार खालच्या कडंपातूर."

"गुलफशा कधी आली?"

"तिची येश्टी नसरापुरात पंक्चर झाली. धा वाजत आलं हुतं. हार बघून म्हनली, मावशी, लई झ्याक केलंसा."

"तोवर खोलीत दुसरं कोण होतं?"

"कोन असनार? म्या एकलीच."

जोडणी बंद झाली नऊ चाळीसला. तेव्हा गुलफशा नसरापूरला चाक बदलायची वाट बघत होती आणि खोलीत एकटी फुलाबाई होती. तिला आपली सही करायलाही येत नव्हती.

"बटणाला हात लावलात?"

"म्या?" फुलाबाईनं दोन्ही हात असे मागं घेतले, की विचारल्याची शुभाताईंनाच लाज वाटली. "हळदीकुंकू लावलं बाई, बटनाला न्हाई!"

५

मानसिंगराव तो छापील कागद कुणाच्या हातात देत नव्हते. कागद म्हणजे पुरावा, आणि पुरावा हातातून सुटला की भोरवाले खातील, असं त्यांचं साधं गणित. शुभाताईंनी त्यांच्याच पडवीत, त्यांच्याच देखत तो पाहिला. शेजारी भोरहून आणलेली यादी पसरली.

भोरच्या यादीत प्रत्येक नावाच्या डावीकडे मतदार क्रमांक होता. मार्गासनीच्या कागदावर नावं, गावं, वडिलांची नावं सगळं होतं. डावीकडचा क्रमांकाचा रकाना कोरा होता.

"फीत झिजलीया," मानसिंगराव म्हणाले. "त्या पिंट्ररचं डावीकडं उठतच न्हाई. समद्यांनी बघितलंय."

शुभाताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. संघाचं नाव आणि तारीख अगदी त्याच डाव्या कडेला छापली होती, आणि ती काळीकुळकुळीत उठली होती.

"मानसिंगराव, फीत झिजली असती तर तारीखही पुसट आली असती."

"मग?"

"मग हे क्रमांक उठले नाहीत असं नाही. छापताना ते पडलेलेच नव्हते." काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन दिवस हा माणूस उत्तर बगलेत मारून भोरभर ओरडत फिरत होता.

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. शुक्रवारी क्रमांक पडले नव्हते, म्हणजे तोवर सगळी पेन्सिलच होती; आणि भोरच्या यादीत नावंच नव्हती, म्हणजे शाई नंतरही भरली गेली नव्हती. पण तात्यांनी बटण दाबलं होतं, सगळ्यांदेखत. दाबलं दहा बाराला. आणि जोडणी सुटली होती नऊ चाळीसला, कुणी हात न लावता. गप्प असलेली जोडणी.

गप्प. तो शब्द त्यांना कालपासून टोचत होता, आणि का ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकोणसत्तर साली आंबवड्याच्या एका मास्तरांना मुंबईहून ट्रंक कॉल आला होता. शुभाताई नव्या होत्या, बोर्डावर चार कॉल तुंबलेले. लाईनवर दोन वाक्यं झाली आणि मग एकदम शांतता. नियम असा होता, की कॉर्ड ओढण्याआधी मधे येऊन विचारायचं, "बोलणं चालू आहे का?" त्यांनी विचारलं नाही. संपलं असं समजून ओढली. मास्तर संपवून गप्प झाले नव्हते. मुलगा गेल्याचं ऐकून त्यांना शब्द फुटत नव्हता. पुढची लाईन लागायला दुसरा दिवस उजाडला. मास्तरांनी तक्रार केली नाही. ती केली असती तर बरं झालं असतं, असं शुभाताईंना अजून वाटे.

कापूरहोळ आलं तेव्हा त्यांना नऊ चाळीसला काय झालं ते कळलं होतं. राहिलं होतं गुलफशाचं ते एक श्वास उशिरा आलेलं 'न्हाई'.

६

बुधवारी गुलफशा स्वतःच त्यांच्या दारात आली.

"तात्यांनी बटण दाबल्यावर पडद्यावर काय आलं?" शुभाताईंनी तिला बसवून विचारलं. "झालं, असं काही आलं असेल ना? की नाही झालं, असं?"

"ती ओळ पार खाली येते, ताई. एकच ओळ."

"आणि तू ती पाहिली नाहीस."

गुलफशा ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. "तिथं हार होता. झेंडूचा, जाड. फुलांच्या मधून थोडं अक्षर दिसलं, नेहमीचं वाटलं न्हाई. मनात आलं, हार जरा वर करून बघावं. पण नुकतीच पूजा झालेली. तीस माणसं हात जोडून उभी. मी हात घातला असता तर... कुणी काही बोललं नसतं, ताई. तिथली माणसं चांगली आहेत. फुलाबाई मला पोरीसारखी धरते. पण पूजेच्या फुलांना मी कशी हात लावणार? मग तात्या म्हणाले बंद कर, मी बंद केलं."

"हे तू सोमवारीच का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? पूजेमुळे नावं गेली म्हणू? मी? गावात दोन दिवसांत त्याचं काय झालं असतं ते तुम्हाला कळतंय ना? त्यापेक्षा मला चोर म्हणलेलं बरं." तिनं शुभाताईंचा हात धरला. "तुम्ही कुणाला बोलू नका. शप्पथ घ्या."

शुभाताईंना वाईट वाटलं, आणि रागही आला. राग कुणावर ते मात्र सांगता आलं नसतं. एकतीस वर्षं जे केलं तेच त्यांनी पुन्हा केलं. त्या म्हणाल्या, "माझ्या ओठांवर येणार नाही."

आणि शब्द देऊन बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की उद्याच्या उत्तरात नेमकं तिथंच भगदाड राहणार आहे.

७

गुरुवारी सभेला खच्चून गर्दी होती. आनंदराव, मानसिंगराव, निवडणुकीचे अधिकारी, मार्गासनीहून टेम्पो भरून आलेली माणसं. लियाकतभाई मागच्या भिंतीला टेकून उभे. पुढे एका खुर्चीत गुलफशा, कुणाकडेही न बघता.

शुभाताईंनी भाषण केलं नाही. त्यांनी अद्वयला उभं केलं.

"शनिवारी सकाळी तू कचरा काढलास?"

"हो. केशवरावांनी बोंब मारली म्हणून. पाच जोडण्या तोडल्या, सगळ्या बारा तासांवर गप्प होत्या."

"किती वाजता?"

"साडेनऊ... पावणेदहा..." अद्वय बोलायचा थांबला. त्याचा चेहरा उतरत गेला. "नऊ चाळीस."

सभेत कुजबुज झाली. "पण वहीत नुसतं बंद झाली असं येतं," तो घाईघाईनं म्हणाला, "कुणी बंद केली ते येत नाही. आणि ती अनाथच होती ना? रात्रभर गप्प..."

"पाचांतल्या चार अनाथ होत्या. त्यांच्या टोकाला कुणी नव्हतं. पाचवी नुसती गप्प होती. तिच्या टोकाला मशीन जागं होतं आणि एक गाव मुहूर्ताची वाट बघत होतं. मेलेली आणि वाट बघणारी, यांतला फरक तुझ्या सर्व्हरला कळतो?"

"नाही."

"जोडणी तुटली की पेन्सिलीतल्या नावांचं काय होतं?"

अद्वयनं कोंडिबातात्यांकडे पाहिलं. पेन्सिल हा शब्द त्याचाच होता. "अर्धवट राहिलेलं सगळं सर्व्हर पुसून टाकतो," तो हळू आवाजात म्हणाला. "तसा नियमच आहे."

मग शुभाताईंनी कागद वर धरला. क्रमांकाचा कोरा रकाना, वरची ठळक तारीख. कायमचं बटण लागू झालं की क्रमांक पडतो. शुक्रवारी छापताना तो पडला नव्हता, कारण तोवर सगळी पेन्सिलच होती; आणि शाई भरायच्या आधीच जोडणी तुटली. केशवला नावं दिसली नाहीत, कारण दुसऱ्याची पेन्सिल इतरांना दिसत नाही. त्याचा पडदा अडकला, कारण मार्गासनीचं पान गुलफशाच्या हातात उघडं होतं. "नावं कुणी चोरली नाहीत. चोर नव्हताच. साप म्हणून आपण चार दिवस भुई धोपटतोय."

आनंदरावांनी खुर्ची पुढे ओढली. खुर्ची जपणारा माणूस भगदाड बरोबर हेरतो. "एक राहिलं, शुभाताई. तात्यांनी बटण दाबलं तेव्हा जोडणी तुटलेली होती. मग कॉम्प्युटरनं तसं सांगितलं असणार. ऑपरेटर समोर होती. तिनं ते वाचलं का नाही? का वाचून गप्प बसली?"

गुलफशाची मान आणखी खाली गेली. शुभाताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. दिलेला शब्द होता.

"ती काय वाचनार?" मागून आवाज आला. फुलाबाई उठून उभी राहिली होती. पदर खोचलेला, आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलत होती. "खालची वळ माज्या हाराखाली हुती. परवा ह्या बाई इचारून गेल्या तवापास्नं म्या त्योच इचार करतीया. हार म्या बांदला, मोठा केला, काच झाकली. पोरगी हात पुढं करून मागं घेताना म्या बघितली हुती. तवा कळलं न्हाई, आत्ता कळतंय. देवाच्या फुलाला हात न लावनारी पोर, आन् तिला तुमी चोर म्हनता व्हय?"

लियाकतभाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या टॉवेलनं चेहरा पुसत राहिले. कोंडिबातात्या काठी टेकत उठले, गुलफशाच्या खुर्चीपाशी गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

निवडणुकीच्या अधिकाऱ्यांनी तो कागद, त्यावरची मुदतीआधीची वेळ आणि तात्यांचा जबाब धरून एकसष्ट नावं यादीत घेतली. मानसिंगरावांनी गुलाल मागवून ठेवला. निवडणुकीत ते पडले. त्या एकसष्टांतल्या पंचवीसेकांनी आनंदरावांना मत दिलं, असं नंतर कळलं. त्या चौकशीला शुभाताईंना कुणी बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला सकाळी शुभाताई संघाच्या कचेरीत डोकावल्या. अद्वय सर्व्हरपुढे बसला होता. पडद्यावर पाच गप्प जोडण्या होत्या. त्यानं फोन उचलून एकेक टोक विचारायला सुरुवात केली. चार ठिकाणी कुणी उचललंच नाही. पाचव्याला त्यानं मार्गासनीचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर शुभाताईंच्या हातात दिला.

"बोलणं चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे, ताई!" पलीकडून गुलफशाचा आवाज आला, मागे माणसांची गडबड. "दहाला तात्या शाई भरणार आहेत. या वेळी फुलाबाईनं हार माझ्याच हातात दिलाय, म्हणाली तूच बांध, कुठं झाकायचं न्हाई ते तुला ठाऊक. मी वरच बांधतेय. तोडू नका."

शुभाताईंनी रिसीव्हर ठेवला. अद्वयनं ती एक सोडून बाकीच्या चार जोडण्या तोडल्या.